बापूजींचा कान

सासरे गेल्याचा फोन सकाळी सहा वाजता आला, आणि वामनच्या मनात पहिला विचार आला तो गाडीचा. ही गोष्ट त्याने पुढे कधी कुणाला सांगितली नाही. शीला, म्हणजे त्याची बायको आणि गेलेल्या माणसाची एकुलती एक मुलगी, स्वयंपाकघराच्या दारात बसून रडत होती. वामन तिच्या पाठीवर हात ठेवून खिडकीतून अंगणातल्या मोटरसायकलकडे बघत होता. शीलाच्या माहेरची, मुकुटबनची पहिली बस निघून गेली होती. दुसरी साडेदहाला होती आणि मयत बाराला उचलायचं ठरलं होतं. म्हणजे पांढरकवड्याहून याच गाडीवर निघावं लागणार होतं. आणि ही गाडी घेऊन जायला वामनला तोंड नव्हतं अशी सबंध जिल्ह्यात एकच जागा होती. ती म्हणजे सासऱ्याचं, बापूजींचं घर.

बापूजी मिस्त्री होते. शेत धाकटा भाऊ बाबाराव बघायचा आणि बापूजी घराच्या पुढच्या पडवीत मोटरसायकली दुरुस्त करायचे. झरी, पाटण, अगदी वणीपर्यंतचे लोक त्यांच्याकडे गाडी आणत, ते त्यांच्या कानासाठी. बापूजी आधी गाडी उघडायचेच नाहीत. स्टुलावर डोळे मिटून बसायचे, इंजिन चालू ठेवायला सांगायचे, आणि थोड्या वेळाने उठून नेमक्या जागी बोट ठेवायचे. लोक म्हणत, बापूजी गाडीची नाडी कानाने बघतात.

वामनची गाडी वीस वर्षांची होती. दोन-अडीच वर्षांपूर्वी तिला एक विचित्र दुखणं जडलं. वरच्या वेगाला ती छान पळायची, पण खालच्या रेसवर तिच्यात जीवच नसायचा. जागेवरून उठताना गचके द्यायची, गतिरोधकावर बंद पडायची, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये म्हशीसारखी उभी राहायची. वामन शाळेत बाबू होता. त्याला गाडीत पेट्रोल कुठे टाकायचं एवढंच कळत होतं. त्याने ती सरळ सासऱ्याकडे नेली.

आणि तिथे घोळ झाला. बापूजींनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले, बराच वेळ बसले, मग प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केलं आणि म्हणाले, "झालं." झालं काहीच नव्हतं. वामनने परत नेली. बापूजींनी पुन्हा प्लग बदलला.

"बापूजी, प्लगचं नाही काही. चढावर मरते थे," वामन म्हणाला.

"घरी सगळे बरे हायेत ना," बापूजी म्हणाले.

चार गिऱ्हाईकं हसली. वामनला वाटलं, म्हातारा आपली टिंगल करतोय. त्याने रागाच्या भरात सगळ्यांदेखत सांगितलं, की तुमचं आता वय झालं, मी पांढरकवड्यात दाखवतो. बापूजी त्याच्याकडे नुसते बघत राहिले. वामन गाडी घेऊन निघाला तो पुन्हा त्या पडवीत चढला नाही. नाही म्हणायला, त्या दिवाळीत मात्र तो माफी मागायला गेला होता. बापूजी पाठमोरे, एका इंजिनावर वाकलेले होते. फाटकातून त्याने तीन हाका मारल्या. बापूजींनी मान वळवली नाही. वामन तसाच परत फिरला. तेव्हापासून शीला माहेरी एकटीच, बसने जायची.

गाडी मात्र बरी झाली नव्हतीच. पांढरकवड्यातल्या पाच मिस्त्र्यांनी तिच्यावर पाच वेगवेगळी मतं दिली होती. एकाने क्लचप्लेट बदलल्या, दुसऱ्याने सायलेन्सर जाळून साफ केला, तिसऱ्याने इंजिन खोलून बोअर केलं, चौथ्याने नवं कार्बोरेटर टाकलं. पाचव्याने वामनलाच गाडी चालवता येत नाही असं निदान केलं होतं.

तर ही गाडी घेऊन ते दोघं निघाले. सपाटीला ठीक होतं. पाटणच्या अलीकडचा पहिला चढ आला तशी गाडी धापा टाकायला लागली.

"शीला," वामन खालच्या आवाजात म्हणाला, "जरा उतरतं का?"

शीला डोळे पुसत उतरली. चढ संपला तेव्हा पुन्हा बसली. दुसऱ्या चढाला पुन्हा उतरली. तिसऱ्या चढाला वामनने काही म्हणायच्या आत ती उतरून पुढे चालायला लागली होती. शेजारून रेस देत, गचके खात वामन तिच्या पावलांच्याच वेगाने चालला होता. कापसाच्या शेतात फवारणी करणारी दोन माणसं पंप थांबवून हा प्रकार बघत राहिली.

"माह्या बापाच्या मातीले मी पायी चालली," शीला समोर बघत म्हणाली, "अन् तुमची गाडी खाली जाऊन राह्यली."

"खाली कुठं? मी बसलो हावो ना."

यावर शीला पुढचे तीन किलोमीटर काही बोलली नाही. मग तिला पुन्हा रडू आलं आणि वामनला बरं वाटलं.

मुकुटबनमध्ये बापूजींच्या गल्लीत माणसं दोन्ही बाजूंना बसली होती. अशा ठिकाणी गाडी हळू न्यायची, किंवा लांबच लावून चालत जायचं, हे वामनला कळत होतं. त्याने गल्लीच्या तोंडाशीच थांबायचं ठरवलं होतं. पण तिथे बाबाराव उभा होता. त्याने शीलाला बघून दोन्ही हात वर केले आणि माणसांना बाजूला सारत वाट करून दिली. आता पुढे जाणं भाग होतं. हळू जायचं म्हटलं तर गाडी बंद पडणार. वामनने रेस दिली. दुःखात बुडालेल्या त्या गल्लीतून वारलेल्या मिस्त्र्याचा जावई इंजिन किंचाळवत आला, आणि तिरडीपासून दहा पावलांवर गाडीने सायलेन्सरमधून बंदुकीसारखा एक बार काढला आणि मान टाकली. एक लहान मूल रडायला लागलं. 

आत बापूजी अंगणात चटईवर होते. वामनने पायांना हात लावला. वर बघायची त्याला हिंमत झाली नाही. उशाशी सासू, शकुबाई, बसली होती. सत्तरीच्या घरातली, हाडकुळी, ताठ. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. शीला तिच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. शकुबाईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा समोर बघत बसली.

"रडवा बाप्पा तिले," बायका एकमेकींना म्हणत होत्या. "सकाळपासून अशीच बसली हाये. छातीत बसन तिच्या."

बारा वाजले. तेवढ्यात निरोप आला, की बापूजींची थोरली बहीण, सुखीबाई, उमरखेडहून निघाली आहे आणि तिच्याशिवाय मयत हलवायचं नाही. उमरखेड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. दोन तरी वाजणार होते. बाबाराव म्हणाला, "थांबा लागते."

माणसं थांबली. अशा वेळी पहिला तास गेलेल्याच्या आठवणींत जातो, तसा तो गेला. बापूजींनी कुणाची गाडी कशी नुसत्या आवाजावरून ओळखली, याच्या पाच-सहा गोष्टी झाल्या. गोष्टींवरून माणसांच्या नजरा हळूहळू फाटकाशी उभ्या असलेल्या वामनच्या गाडीकडे वळल्या. लखीराम नावाचा एक ट्रॅक्टरवाला होता. तो सरकत सरकत वामनजवळ आला.

"जवाईबापू, हे थेच ना? जिच्यापाई तुमचं अन् बापूजीचं..."

"हो."

"अजून पिकअप नाही धरत?"

"नाही."

"क्लच असन."

"बदलला."

"तं मंग टॅपेट," मागून कुणीतरी म्हणालं.

"टॅपेटनं बार नाही निंघत. कार्बोरेटरचा कचरा हाये."

"कार्बोरेटर नवं हाये," वामन म्हणाला.

"नव्यातबी कचरा राह्यते."

हे सगळं अतिशय हळू आवाजात, डोक्यावरचे रुमाल न काढता चाललं होतं. पण आवाज ऐकल्याशिवाय काही सांगता येणार नाही यावर पाच मिनिटांत सगळ्यांचं एकमत झालं. "जराशी चालू करून पाहू," लखीराम म्हणाला, "बापूजी थोडीच नाही म्हननार." वामनने मान हलवून नको म्हटलं, तोवर किक मारून झाली होती.

गाडी धडधडली, अडखळली, बार काढून बंद पडली. अंगणातल्या बायकांनी रडणं थांबवून इकडे बघितलं. लखीरामने हात जोडून क्षमा मागितली आणि प्लग काढला. प्लग पांढरा पडला होता. त्यावर दोन तट पडले. एक म्हणत होता पेट्रोल कमी येतंय, दुसरा म्हणत होता करंट कमी येतोय. कार्बोरेटरची वाटी उघडून झाली. पेट्रोल जमिनीवर सांडलं आणि उदबत्त्यांच्या वासात पेट्रोलचा वास मिसळला तसा बाबारावने धावत येऊन उदबत्त्या लांब नेल्या. गाडी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा चालू केली गेली. वामन भिंतीला टेकून उभा होता. त्याला वाटत होतं, आपण त्या चटईवर असतो तर बरं झालं असतं.

"आज बापूजी असते," घाम पुसत लखीराम म्हणाला, "तं एका मिनिटात सांगतलं असतं."

सगळ्यांनी एकदम मागे वळून चटईकडे बघितलं. आणि तेव्हाच शकुबाई उठली.

बायकांना वाटलं, आता हिचा बांध फुटला. दोघी-तिघी तिला धरायला गेल्या. तिने त्यांचे हात बाजूला केले आणि सरळ गाडीजवळ आली. माणसं दूर झाली.

"चालू करा," ती म्हणाली.

लखीरामने मुकाट्यानं किक मारली.

"रेस कमी. अजून कमी. मरू नोका देऊ."

तिने मान एका बाजूला कलती केली आणि डोळे मिटले.  मग तिने आजूबाजूला बघितलं. जवळात जवळ पाणी होतं ते बापूजींच्या उशाशी, तांब्यात, तुळशीचं पान घातलेलं. ते आणायला कुणी धजेना. तिने जाऊन स्वतःच उचललं, खाली वाकली आणि कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधल्या काळ्या रबरावर खालच्या बाजूने पाण्याची धार धरली.

गाडीचा आवाज बदलला. धाप थांबली. वीस वर्षांची ती गाडी एखाद्या घड्याळासारखी एका लयीत चालू लागली. वामनने दोन वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता. पाणी ओघळून गेलं तशी ती पुन्हा खोकायला लागली.

"रबर चिरलं खालून," शकुबाई म्हणाली. "बाहेरची हवा घेऊन राह्यली. जास्त रेसवर थे हवा पचते, कमी रेसवर नाही पचत. सायकलची टूब आना. जवाईबापू, इकडं या. तुमी बांधा."

वामनने आयुष्यात प्रथमच इंजिनाला हात लावला. ती सांगत गेली, तो ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळत गेला. "ताना. अजून. आता तार पिळा." गाडी पुन्हा चालू केली. कमीत कमी रेसवर ती शांतपणे उभी राहिली.

 बापूजींच्या बायकोला हे कळावं कसं, याचं उत्तर प्रत्येक जण मनात शोधत होता, आणि खरं उत्तर सोडून बाकी सगळी उत्तरं सुचत होती. शेवटी लखीरामने डोक्याचा रुमाल काढला आणि शकुबाईपुढे हात जोडले.

"बापूजी आले अंगात," तो म्हणाला.

पटापट सगळ्यांनी हात जोडले. एक-दोघांनी वाकून नमस्कार केला. शकुबाई त्यांच्याकडे नुसती बघत राहिली.

"बापूजी," लखीराम धीर करून म्हणाला, "माहा ट्रॅक्टर सकाळी चालू नाही होत."

"डिझेलची जाळी कधी साफ केली?" शकुबाई म्हणाली.

लखीरामच्या डोळ्यांत पाणी आलं. "थेच," तो मागच्याला म्हणाला, "थेच बोलनं. मले जिंदगीभर असंच बोलले थे."

सुखीबाई अडीचला पोचली. फाटकातच तिला चौघांनी सांगितलं की बापूजी येऊन गेले, गाडी दुरुस्त केली आणि गेले. पाऊणशे वर्षांच्या त्या बाईने कपाळावर हात मारून घेतला. "गाडीसाठी आला," ती रडत म्हणाली, "अन् सख्ख्या बहिणीसाठी दोन मिनिटं थांबता नाही आलं त्याले." मग मयत उचललं. वामनने खांदा दिला. त्याच्या हाताचं काळं ऑइल तिरडीच्या बांबूला लागलं.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर शकुबाई पडवीत येऊन बसली. शीला तिच्या शेजारी, वामन पायरीवर.

"माय, खरंच बाबा आलते?" शीलाने विचारलं.

"कायले येतीन थे," शकुबाई म्हणाली. "सात-आठ वर्षांपासून त्यायले आयकूच येत नव्हतं."

 शकुबाई सांगत गेली. आधी डावा कान गेला, मग उजवा अधू झाला. मागच्या तीन वर्षांत तर काहीच उरलं नव्हतं. समोरच्याचे ओठ बघून ते बोलायचे, कधी जमायचं, कधी भलतंच उत्तर जायचं. फोन म्हणूनच कधी घ्यायचे नाहीत. पण ज्याच्या कानासाठी लोक गाड्या आणतात त्याचा कान गेला हे कळलं तर पडवीत कोण येणार. मग शकुबाईनेच युक्ती काढली. चाळीस वर्षं घरात बसून तिने इंजिनंच ऐकली होती. कोणतं इंजिन कुठे दुखतंय हे तिला कणीक मळताना कळायचं. गाडी आली की ती आतून ऐकायची, चहा करायची आणि बापूजींचा कप बाहेर आणून ठेवायची. टाकीवर ठेवला तर कार्बोरेटर. सीटवर ठेवला तर प्लग. पायदानावर ठेवला तर क्लच. बापूजी चहा पिऊन उठायचे आणि बोट ठेवायचे.

"लोकं म्हनत, बायको किती जपते," शकुबाई म्हणाली.

"मग माझ्या गाडीच्या वेळी?" वामनने विचारलं. 

"तवा मी उमरखेडले गेलती. सुखीबाईचं ऑपरेशन होतं. इकडं हे एकटे. प्लगशिवाय दुसरं काय करतीन."

"मामी, मी दिवाळीत आलतो. तीन हाका मारल्या. त्यायनं पाह्यलंच नाही."

"कोन्या बाजूनं मारल्या?"

"मागून. फाटकातून."

शकुबाईने मान हलवली. "मागून देव आला असता तरी नसतं समजलं त्यायले," ती म्हणाली.  "रोज इचारत मले, जवाई काहून येत नाही. म्या म्हनलं, कामात असतीन."

वामन उठून नळावर गेला. हाताला साबण लावून तो धूत बसला. काळं निघून गेलं तरी धूतच राहिला, आणि शीलाने त्याला हाक मारली नाही.

शकुबाई रडली ती पाचव्या दिवशी. कुणीतरी भेटायला आलेल्याची गाडी फाटकाशी चालू होती. सवयीने ती कप घेऊन बाहेर आली आणि रिकाम्या स्टुलासमोर उभी राहिली. त्या दिवशी ती इतकी रडली, की बायका आता तिला गप्प करा म्हणायला लागल्या.

तेरवीपर्यंत मुकुटबनमध्ये एक गोष्ट पक्की झाली होती. बापूजी जाता जाता अंगात येऊन आपली विद्या जावयाच्या हातात देऊन गेले. लोकांनी डोळ्यांनी बघितलं होतं. सासू नुसती बोलत होती, रबर बांधलं ते जावयाने. वामनने दोन-तीन वेळा खरं सांगायचा प्रयत्न केला. लोक म्हणाले, बापूजीही असेच होते, स्वतःचं मोठेपण सांगायचे नाहीत. मग शकुबाईच म्हणाली, "राहू द्या. बाई सांगते म्हनलं तर एक गाडी नाही येनार. मले आयकू येते, पन पाना आता धरवत नाही. तुमी रविवारी येत जा."

वामन रविवारी येऊ लागला. येताना शीलाही असायची, आणि चढावर तिला उतरावं लागत नव्हतं.

एका रविवारी झरीहून एक ग्रामसेवक गाडी घेऊन आला. "जवाईबापू," तो अदबीने म्हणाला, "तुमचाच कान चालते म्हने आता."

वामन स्टुलावर बसला. त्याने डोळे मिटले. इंजिन चालू होतं. त्याला नुसता गोंगाट ऐकू येत होता. पाठीमागे दाराआड सुपात तूर पाखडण्याचा आवाज चालू होता, तो थांबला.

"टॅपेट," दाराआडून हलक्या आवाजात आलं.

"टॅपेट," वामन म्हणाला.

"सायलेन्सरकडचा."

"सायलेन्सरकडचा. टाईट झाला," वामन म्हणाला, आणि 'टाईट' हे आपण आपल्या मनाने जोडलं याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

ग्रामसेवकाने हात जोडले. "बापूजी गेले, पन कान ठेवून गेले."

"साहेब, खरं सांगू का," वामनला राहवलं नाही, "माह्या कानाचं..."

आत शकुबाई जोरात खोकली.

"...काही नाही. त्यायचीच कृपा," वामन म्हणाला. मग त्याने पान्यांच्या डब्यात हात घातला, दहाचा पाना काढला, नटाला लावला आणि ऐटीत जोर दिला. पाना नुसताच गरगर फिरला. ग्रामसेवक बघत होता.

"नऊचा," दाराआडून आवाज आला.

"नऊचा लागते," वामनने त्याला समजावून सांगितलं.